राणीच्या गालावरचा पिवळा डाग

लक्ष्मीपूजनाच्या ताटातल्या राणीछाप रुपयाकडे मी कितीतरी वेळ बघत बसलो होतो. राणीचा गाल पिवळा पडला होता.

पूजेसाठी बायकोने माझ्या संग्रहातला एक चांदीचा रुपया मागितला, मी मोठ्या मनाने काढून दिला, आणि तिने तो समई-निरांजनांबरोबर चिंच लावून खसाखसा घासला. मी ओरडलोच, "अगं, जुनं नाणं घासायचं नसतं! ती काळी झाक म्हणजेच त्याचं वय!"

"कसलं वय? पितळ आहे हे," ती म्हणाली. वरचं चांदीचं पाणी केव्हाच उतरलं होतं.

नाणं घासू नये, हा आमच्या छंदाचा पहिला धडा. जुन्या बाजारात ज्या गोडबोल्या विक्रेत्याकडून मी हा रुपया घेतला, त्याने तो माझ्याआधी गिरवलेला होता. "साहेब, जपून हं, झाक जाईल," असं किती काळजीने म्हणाला होता! त्या काळजीवरच मी भाळलो. फसवणारे म्हणे आपल्या लोभावर जगतात. साफ खोटं. आपण ज्याला जिवापाड जपतो, ज्याच्यावर शंका घेणंही पाप मानतो, त्याच्याच आडोशाला ते सुखाने राहतात.

"बाकीचेही दे ना, उजळून ठेवते," बायको म्हणाली. तिच्या बोटांना अजून चिंच लागलेली होती.

"नको," मी म्हणालो, "जुनं नाणं घासायचं नसतं." आणि डबा उचलून कपाटात ठेवला.