डोराबाईंची सहावी बाजू

डोराबाई पियानोवर बसण्याआधी चहाची किटली मागवीत, पण चहा घेत नसत. किटलीभोवती दोन्ही हात धरून डोळे मिटून बसून राहत. संधिवाताने उजव्या हाताची दोन बोटं आखडत चालली होती. ऊब मिळाली की ती तासभर त्यांचं ऐकत. मग किटली माझ्याकडे सरकवून म्हणत, "घे रं तारबाबू, आता तू पी. माजं काम झालं."

मी तेव्हा कर्जत स्टेशनात तारबाबू होतो. रेल्वेच्या क्लबात एक जुना पियानो होता आणि शनिवारी संध्याकाळी डोराबाई तो वाजवीत आणि गात. त्या एका अँग्लो-इंडियन ड्रायव्हरच्या विधवा. लहानपणी पळसदरीच्या वरच्या वाडीतल्या ठाकरीण आयाने त्यांना वाढवलं, त्यामुळे इंग्रजी साहेबाचं आणि मराठी आमच्या गावचं. गात मात्र अमेरिकेतल्या काळ्या लोकांची गाणी, जॅझ आणि ब्लूज. बंदरावरच्या खलाशांकडून तबकड्या मिळवायच्या आणि त्या झिजेपर्यंत ऐकायच्या, हीच त्यांची शाळा. नाट्यपदांवर वाढलेला मी; मला ते गाणं म्हणजे कुणीतरी पाय ओढत घरी चाललंय असं वाटलं. तसं बोलून गेलो तर त्या खूश झाल्या. "बरोबर वळखलंस. डावा हात घरी ऱ्हातो, उजवा गावभर फिरतो. डाव्यानं घर सोडलं की गाणं मेलं."

एकदा तबकड्यांच्या एका कंपनीच्या साहेबाने त्यांना ऐकलं आणि तीन तबकड्यांचा आल्बम काढायचं ठरवलं. पुण्याहून मुंबईला परतताना तो यंत्र घेऊन एक दिवस कर्जतला उतरणार होता. त्याच्याजवळ मेणाच्या सहाच जाड तबकड्या उरल्या होत्या. मेणाच्या एका तबकडीवर एक गाणं, साडेतीन मिनिटांचं; छापताना दोन गाणी एका तबकडीच्या दोन बाजूंना. चुकलं की ती तबकडी वाया. डॉक्टरांनी तर डोराबाईंना सांगून ठेवलं होतं की नाताळपर्यंत बोटं वळायची थांबतील. म्हणजे जे काही व्हायचं ते त्या एका दिवसात.

क्लब रुळांना लागून. म्हणून लाइन केव्हा रिकामी असेल हे सांगायचं काम माझ्यावर आलं. मी ऐटीत वेळापत्रक मांडलं, मेल, पॅसेंजर, मालगाड्या सगळ्या टिपल्या आणि खिडकीपाशी उभा राहिलो. मी हात वर केला की साहेब यंत्र सुरू करी.

दुपारपर्यंत पाच गाणी झाली. प्रत्येक गाण्यानंतर किटली, आणि प्रत्येक वेळी ती पहिल्यापेक्षा जास्त वेळ. पाचव्याच्या शेवटी त्यांनी उजवा हात मांडीवर घेतला आणि डाव्याने त्याची बोटं एकेक करून सरळ केली. सहावं गाणं त्यांनी स्वतः रचलेलं होतं, नवऱ्यावर. तो घाटातच वारला होता.

मी कागद पाहिला, हात वर केला.

"घाट चढला रं, उतरला नाय,
घाट चढला रं, उतरला नाय,
च्या निवला चुलीवर, मानूस आला नाय."

दुसऱ्यांदा हे कडवं आलं आणि साहेबाचा चेहरा एकदम पांढरा पडला. तो माझ्याकडे डोळे वटारून पाहत होता. मला काही कळेना. खिडकीबाहेर पाहिलं, तर घाटावरून रिकामं बँकर इंजिन उतरत होतं आणि त्याच्या शिट्टीतून वाफ निघत होती. गाड्यांना मागून रेटून घाट चढवायचा आणि एकट्याने परत यायचं, हे बँकरचं रोजचं काम. कर्जतला रिकाम्या बँकरला कुणी गाडी म्हणत नाही, म्हणून ते माझ्या कागदावर नव्हतं. आणि ती शिट्टी जन्मापासून इतकी कानावरून गेलेली, की मला ती ऐकूच आली नव्हती.

डोराबाई थांबल्या नाहीत. गाणं संपवून त्यांनी पियानोचं झाकण मिटलं.

साहेब म्हणाला, ही छापता येणार नाही. डोराबाई माझ्याकडे वळल्या. "एवढंच सांगितलं व्हतं रं तुला. एवढंच." त्यानंतर चार महिने त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मीही शनिवारी क्लबाकडे फिरकलो नाही. मला स्वतःची लाज वाटत होती.

नाताळ उलटल्यावर त्यांचा निरोप आला. तबकड्यांचं पार्सल आलं होतं. त्यांची बोटं आता दोरीची गाठही सोडवू शकत नव्हती. ती मी सोडवली. तिसऱ्या तबकडीच्या दोन्ही बाजू छापलेल्या होत्या, म्हणजे सहावं गाणंही होतं. का, ते साहेबाने लिहिलं नव्हतं.

सहावी बाजू मी लावली. "घाट चढला रं, उतरला नाय," आणि लगेच दुरून शिट्टी, लांब, उतारावरून येणारी. तिथे डोराबाईंचा उजवा हात थबकला होता. शिट्टी विरेपर्यंत एकटा डावा हात चालत राहिला. मग त्या पुढची ओळ गायल्या होत्या, अगदी हळू.

माझे डोळे भरून आले. इतकी वर्षं कर्जतला काढून ती शिट्टी मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली.

"आली ऐकू?" डोराबाई म्हणाल्या. मी मान हलवली. त्यांनी किटली माझ्याकडे सरकवली.

पुढच्या वर्षी घाटात विजेची इंजिनं आली आणि वाफेचे बँकर गेले. डोराबाई त्याआधीच गेल्या. ती तबकडी माझ्याकडे आहे. ती लावली की त्या ओळीपाशी माझा हात अजून आपोआप वर जातो, आणि शिट्टी वाजून जाईपर्यंत मी तो खाली घेत नाही.