बांगड्या आणि ढोलकी

ढोलकी मी बापाच्या मांडीवर बसून शिकले. आमचं गाव कनेरगाव नाक्याच्या अलीकडे. बापाची गायन पार्टी होती आणि जयंतीच्या महिन्यात तिला उसंत नसायची. बाप म्हणायचा, गाणाऱ्यानं वाजवू नये. मी दोन्ही एकदमच करायचे. कुणी "नको" म्हटलं की तेच करायची मला खोड, ती अजून गेलेली नाही.

नव्वदनंतरच्या एका उन्हाळ्यात लग्न होऊन हिंगोलीजवळच्या गावात आले. मालक पेटी वाजवायचे, म्हणून तर मी होकार दिला. पहिल्याच जयंतीला विहारासमोर ढोलकी घेऊन बसले आणि दुसऱ्या गाण्यात हातातली हिरवी बांगडी खळकन फुटली. मनगटातून रक्त आलं. त्याचं कुणाला काही नव्हतं, बायकांत कुजबुज सुरू झाली ती बांगडीची. चुलतसासू उठून म्हणाली, "काहून नवऱ्याच्या जिवावर उठलीस बाई? ठेव ते खाली!" विहारासमोर बसून असल्या गोष्टी मानायच्या! मला भयंकर राग आला. मालकांनी मात्र मान खाली घातली आणि पेटी मिटली.

बांगड्या घालून वाजवता येत नाही, काढाव्यात तर नवरा असताना भुंडे हात. ढोलकी खुंटीला गेली. मी नुसती गायचे. भाकरी थापतानाही माझी बोटं ताल धरायची, आणि सासू चुलीपाशी बसून बघायची. नवरा गेल्यापासून तिच्या हाताला काच लागली नव्हती. बोलायचीही कमीच. तिचं मत चुलतसासूसारखंच असणार, असं मी धरून चालले होते.

पुढच्या जयंतीला दुपारी तिनं मला न्हाणीत बोलावलं. माझ्या हातांना साबण लावून एकेक बांगडी अलगद उतरवली, पदराला पुसली आणि स्वतःच्या हातात चढवली. तिच्या वाळक्या मनगटांवर त्या सैल होत होत्या.

"मामी, लोक काय म्हणतील?" मी सासूला विचारलं. असला प्रश्न मी आयुष्यात पहिल्यांदाच विचारला असेल.

"तुह्या बांगड्या आता माह्याजवळ हाईत. तू वाजव."

संध्याकाळी पांढरं लुगडं नेसून, हिरव्या हातांनी ती सगळ्यांच्या पुढे जाऊन बसली. चुलतसासूचं तोंड उघडं ते उघडंच. मालकांनी पेटी उघडली. पुढे नरसी, वाशिम, कुठंकुठं माझे कार्यक्रम झाले, दरवेळी बांगड्या सासूच्या हातात जायच्या. पण त्या संध्याकाळी माझा हात जसा पडला, तसा पुन्हा पडला नाही.

त्याच संध्याकाळी शेवटच्या गाण्याला सासू टाळ्या वाजवू लागली. जोरात. एक बांगडी फुटली, मग दुसरी.

"अगं, फुटल्या की!" चुलतसासू ओरडली.

माझा हात थबकला. सासूची टाळी थांबली नाही. "फुटू दे," ती माझ्याकडे बघून म्हणाली, "कासार हाय की गावात. तू काहून थांबलीस?"