बायडाबाईंच्या वांग्याचं बी

बायडाबाईंना पुस्तक हवं होतं, आणि तेही भाजी कशी लावावी याचं. त्यांच्या मुलाने, रणजितने, हे ऐकलं आणि जेवता जेवता त्याला ठसकाच लागला.

"आई, सगळं खराडी गाव तुझी वांगी खाऊन वाढलं. आन् आता तुला पुस्तक?"

"दात काढाया काय झालं? रोपं मरत्यात ना!" असं म्हणून त्यांनी त्याच्या ताटात भाकरी टाकली, ती जरा जोरातच.

रोपं खरंच मरत होती. नदीकडचं रान कंपनीच्या इमारतीला गेलं आणि घरची मंडळी सहाव्या मजल्यावर राहायला आली. जमिनीच्या पैशांत भावकीत कुणी गाडी घेतली, कुणी गळाभर सोनं केलं. बायडाबाईंनी काय केलं? पाया खणताना निघालेली आपल्या रानाची काळीभोर माती पोत्यांत भरून आणली. गॅलरीतल्या कुंड्या त्या मातीनेच काठोकाठ भरल्या आणि दर वर्षी त्यात चिमूटभर बी टाकलं. रोप बोटभर व्हायचं आणि मान टाकायचं. पाणी वरच तुंबायचं, उन्हात मातीला भेगा पडायच्या. शिवाय बायडाबाई पाणी द्यायच्या ते वाफा भरावा तसं. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी सोसायटीच्या फळ्यावर लिहिलं, 'आमचे कपडे आम्ही घरीच धुतो, वरून मदत नको.' बायडाबाईंनी ते सावकाश वाचलं आणि कोण गं बाई असं करतं, म्हणून त्या हळहळल्या.

बी मात्र साधं नव्हतं. सासरी निघताना आईने ओटीतल्या तांदळांबरोबर एक पुडी बांधून दिली होती. माहेरच्या काटेरी, हिरव्या-पांढऱ्या वांग्यांचं बी. नव्या घरात कुणाशी बोलावं हे कळत नव्हतं, तेव्हा त्या पाटाच्या कडेला त्या वांग्यांपाशीच जाऊन बसायच्या. पुढे रिवाजच पडला. दर साली एक वांगं झाडावर पिवळं होईस्तोवर राखायचं, बी धुऊन वाळवायचं, राखेत घोळून डब्यात ठेवायचं. आता डब्यात शेवटची चिमूट उरली होती आणि बी जुनं होत चाललं होतं. यंदा रुजलं नाही तर संपलंच. आई गेली होती, माहेरचं रान रस्त्यात गेलं होतं. आईच्या हातचं एवढंच काय ते उरलं होतं.

तनुजाला, त्यांच्या सुनेला, हे ठाऊक होतं. ती कामाला होती त्याच कंपनीत, सासरच्या रानावर उभ्या राहिलेल्या इमारतीत. शनिवारी तिने सासूला स्कूटीवर मागे बसवलं आणि थेट बुधवार पेठेत पुस्तकांच्या दुकानात आणलं.

दुकानदारांनी काउंटरवर पुस्तकं टाकली. एकात सगळा हिशोब एकराचा होता. दुसरं गुळगुळीत, पानापानावर लालबुंद टोमॅटो. चौथीपर्यंत शिकलेल्या बायडाबाई बोट ठेवून वाचत होत्या, पान उलटत होत्या, पुन्हा मागे जात होत्या.

"आजी, विकत घेऊन वाचलं तरी चालतं हो," दुकानदार म्हणाले.

"ह्यात कुनाची रोपं मेल्याती का?"

"काय?"

"ज्याचं कदी काई मेलंच न्हाय, त्यो मला काय सांगनार?"

दुकानदारांनी चष्म्यावरून एकदा पाहिलं आणि मागच्या फळीवरून एक बारीक, धूळ खाल्लेलं पुस्तक काढलं. कोथरूडच्या कुणा बाईंनी आपल्या गच्चीवरच्या भाज्यांबद्दल लिहिलेलं. पहिलंच वाक्य होतं, 'पहिल्या वर्षी माझी सगळी रोपं मेली.'

"ह्येच," बायडाबाई म्हणाल्या.

घरी येऊन तनुजाने मोठ्याने वाचायला घेतलं. मातीच्या पानावर ती अडखळली. "आत्या, यात लिहिलंय की नुसती काळी माती कुंडीत घालू नका. रानात तिला पसरायला जागा असते. कुंडीत ती आवळते आणि मुळं गुदमरतात. एक वाटा माती, बाकी शेणखत, पालापाचोळा, वाळू."

बायडाबाईंनी कुंडीतलं एक ढेकूळ मुठीत घेतलं. ज्या मातीला त्या मायेने उराशी धरून बसल्या होत्या, तिनेच रोपं मारली होती. आणि मातीचा तरी काय दोष? सहाव्या मजल्यावर आपलाही जीव असाच आवळतो, हे त्यांना कुणी न सांगता कळत होतं. त्यांना रडू आलं, आणि तनुजासमोर त्या ते लपवू शकल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी दोघींनी कुंड्या रिकाम्या केल्या. एक वाटा माती ठेवली. उरलेली तनुजाने सोसायटीच्या आंब्याच्या बुंध्याशी नेऊन पसरली. पाणी आता तांब्याने, तेही माती बोटाने चाचपून. शेवटची चिमूट पेरताना बायडाबाईंनी कुंडीला हळद-कुंकू वाहिलं.

थोडंच रुजलं. पण जे रुजलं ते जगलं, आणि थंडीत कुंड्यांवर काटेरी, हिरवी-पांढरी वांगी लटकली. पहिली भाजी बायडाबाईंनी सुनेच्या डब्यात भरली.

संध्याकाळी तनुजा चप्पल काढता काढताच सांगू लागली. "आत्या, डबा एका मिनिटात संपला. सगळे विचारत होते, वांगी कुठली?"

"मग? काय सांगितलंस?"

"मी खाली बोट दाखवलं. म्हटलं, इथलीच."

बायडाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मग तिला हाताला धरून गॅलरीत नेलं आणि पानांआड राखलेलं, पिवळं पडू लागलेलं एक वांगं दाखवलं.

"ह्ये तोडायचं न्हाय," त्या म्हणाल्या. "ह्याचं बी तुझ्या ओटीत घालायचं हाय."