रायभानची हाळी आणि दोन स्पीकरचा मोबाईल

धावड्यात माझी आणि रायभानची भिंत एकच आहे. त्यामुळे त्याच्या घरात काय चाललंय हे मला आपोआप कळतं. मी मुद्दाम कान लावत नाही. आवाज आला तर उठून जात नाही, एवढंच.

रायभान मेंढरांचा माणूस. बापाकडून त्याला दोन गोष्टी आल्या, मेंढरं आणि हाळी. सकाळी वाडग्याचं फाटक उघडलं की तो मान वर करून, डोळे मिटून "हेऽऽ हुर्र, यो यो योऽ" अशी हाळी द्यायचा आणि कळप वाटेला लागायचा. पुढं त्याची बायको आसराबाई भाकरीचं गठुडं घेऊन, मध्ये मेंढरं आणि मागं धुरळ्यात हा. गावात घड्याळं नव्हती असं नाही, पण आमच्या आळीत त्या हाळीवरच चहाचं आधण ठेवलं जायचं.

"मेंढरू दोरीनं बांधलेलं नसतं भुजंगा," तो मला ऐकवायचा, "माझ्या आवाजानं बांधलेलं असतं. मी एक दिवस नसलो तर ही जागची हालनार न्हाईत."

ह्या एका समजुतीपायी तो आयुष्यात कुठं मुक्कामाला राहिला नाही. मेव्हणीच्या लग्नात अक्षता पडल्या की हा पंगतीच्या आधी येस्टीत. थोरला सर्जेराव वाळूजला कंपनीत लागून किती वर्षं झाली, पण बापानं त्याची खोली पाहिली नव्हती. आसराबाई म्हणायची, "ह्यांचं लगीन मेंढरांसंगं लागलंय, मी आपली करवली."

दोन हजार सातच्या दिवाळीला सर्जेराव आला तो एक मोबाईल घेऊन. स्वतःला नवा घेतला होता, जुना बापाला. जुना म्हणजे तरी कसा, त्या वेळी आख्ख्या धावड्यात तसा नव्हता. मी साखर मागायच्या निमित्तानं जाऊन बसलो.

"साधा फोन न्हाई आबा. मल्टिमीडिया हाय," म्हणत सर्जेराव डब्यावरचं वाचायला लागला. "पडदा रंगीत. दोन लाख बासष्ट हजार रंग."

"आपल्याकडं काळं न् पांढरं," रायभान म्हणाला. "बाकीचे कुठं वापरू?"

"कॅमेरा दोन मेगापिक्सेलचा."

"म्हंजे?"

"म्हंजे मेंढीचा कान दिसंल," मी म्हणालो, "कानातली गोचीड दिसनार न्हाई."

"बॅटरी सात घंटे बोलाया पुरती."

चुलीपुढून आसराबाई बोलली, "ह्यांच्यासंगं माझं सारं बोलनं मिळून सात घंटे भरायचं न्हाई. उरलेल्या बॅटरीचं काय करावं?"

मग एक जीबीचं कार्ड, त्यात तीनशे गाणी, एफएम रेडिओ, व्हिडिओ, ब्लूटूथ, म्हणजे एका फोनातलं दुसऱ्यात वायरीवाचून जातं. रायभान सगळ्याला मान डोलवत होता, पण पाव्हणा त्याच्या गावच्या पुढाऱ्याचं कौतुक सांगत असताना डोलवावी तशी. आवाज भरून ठेवता येतो आणि दोन्ही अंगाला दोन स्पीकर आहेत म्हटल्यावर मात्र त्यानं विचारलं, "लांब जातो का आवाज?"

राहिला फोन. तर आमच्या आळीत टॉवरची एक काडी दिसायची, तीही टेकाडावर चढल्यावर. फोन लावणं सोडून सगळं करणारा असा तो फोन.

सर्जेराव गेला आणि संक्रांतीच्या आसपास रायभान बांधावरून पडला. मग सारखाच पडायला लागला. जालन्याच्या डॉक्टरनं सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. एक डोळा आता, दुसरा काही आठवड्यांनी, तोवर जालन्यातच राहायचं, धुरळ्यात पाय ठेवायचा नाही. उशीर केला तर एक डोळा गेलाच म्हणून समजा.

"जाऊ द्या," रायभान म्हणाला. "मेंढरं कोन हाकनार?"

सर्जेरावनं येऊन समजावलं, आसराबाई रडली, काही उपयोग नाही. मलाही काळजी लागली. शेजारधर्म होताच, शिवाय त्या महिन्यात त्याची मेंढरं माझ्या रानात खतासाठी बसायची होती. म्हटलं, "रायभान, तू जा. हाळी ठेवून जा. तो मोबाईल कशाला हाय?"

पहिल्यांदा हाळी भरली तेव्हा तो फोनपुढं असा अदबीनं उभा राहिला की जणू तहसीलदाराला हाक मारतोय. दुसऱ्यांदा मधेच खोकला. तिसऱ्यांदा मी त्याला फाटकापाशी नेऊन डोळे मिटायला लावले, तेव्हा खरी हाळी उतरली. मग तो माझ्या छपरात लपून बसला आणि आसराबाईनं फाटक उघडून मोबाईल पूर्ण आवाजात लावला. कळप उठला आणि तिच्या मागं निघाला.

रायभान फटीतून बघत होता. त्याला आनंद झाला, आणि थोडं वाईटही वाटलं. आपल्यावाचून अडत नाही हे कुणाला आवडतं? पण तो जालन्याला गेला, हे महत्त्वाचं.

चार-पाच दिवसांनी मेंढरं माझ्या रानाकडं येत होती. कळप नेहमीसारखा शिस्तीत, पण हाळी काही ऐकू येईना. मी आडवा गेलो.

"वहिनी, फोन?"

"काल रातीच बंद पडलाय," ती म्हणाली. "लाईट न्हाई तर चार्ज कुठून व्हनार?"

"मंग मेंढरं कशी येऊन राह्यली?"

तिनं ओच्यातून मूठ काढली आणि चालता चालता उघडली. बाभळीच्या वाळल्या शेंगा. पुढच्या दोन मेंढ्यांनी त्या टिपल्या, बाकीचा कळप त्यांच्या मागं.

"कवापासून?"

"लगीन झालं तवापासून. शेंगा नसल्या तर मूठभर बाजरी. ह्यांनी मागून वरडायचं, मी पुढून टाकायचं." ती हसली नाही, की कुरकुरली नाही. "आवाज चांगलाय त्यांचा. भाऊजी, तुमच्या तोंडात तीळ भिजत न्हाई, ठाऊक हाय मला. पन हे भिजवा. फोन बंद हाय म्हनून कळलं तर पट्टीसकट येस्टीत बसतील. आन शेंगांचं तर कधीच बोलू नका. मानसाला एक गोष्ट आपली म्हनून ऱ्हाऊ द्यावी."

त्याच संध्याकाळी माझ्या घरच्या तारेच्या फोनवर रायभान बोलला. मी आसराबाईला हाक मारली आणि जवळच उभा राहिलो.

"हाळी लावती का?"

"लावती तर."

"पुऱ्या आवाजात?"

"पुऱ्या."

"मेंढरं येत्यात का?"

"बराबर येत्यात."

तीन उत्तरांत एकच खरं, पण ते खरंच होतं. पुढचे सगळे दिवस मी पारावर बसायचंच टाळलं. बायको म्हणाली, तुमची तब्येत बरी नाही का.

शिमग्यानंतर रायभान दोन्ही डोळे करून परतला. काळा चष्मा उतरवायची मुभा मिळाली त्या दिवशी मीही त्याच्याबरोबर कळपामागं निघालो. हाळी देताना ह्या खेपेला त्यानं डोळे मिटले नाहीत. नवीन डोळे, मिटेल कशाला? कळप वळणावर आडवा झाला, पुढची आसराबाई स्वच्छ दिसली आणि हाळी अर्ध्यात थांबली.

"तिच्या हातातून काय पडून राह्यलं रं?"

"मला कुठं दिसतंय," मी म्हणालो. "माझं ऑपरेशन न्हाई झालं."

तो माझ्याकडं बघत राहिला. "तुला ठाऊक व्हतं. आन तू गप बसला." ह्यातली कोणती गोष्ट त्याला जास्त लागली, मला सांगता येणार नाही. उरलेली हाळी त्यानं दिलीच नाही. मेंढरं जशी चालायची तशीच चालत होती.

दुसऱ्या दिवशी त्यानं ओढ्याकाठची बाभळ झोडली आणि शेंगांचं पोतं आणून आसराबाईपुढं ठेवलं.

"ह्या कशाला?"

"तुला लागत्यात ना."

भिंतीपलीकडं पोतं कोपऱ्यात ओढल्याचा आवाज आला. मग आसराबाई म्हणाली, "हाळी बंद करू नका पन. लोकांचं चहाचं आधण ऱ्हाईल."

वैशाखात रायभान पिशवी घेऊन सर्जेरावची खोली बघायला वाळूजला गेला आणि तिथं चांगला आठवडाभर राहिला. मोबाईल त्यानं घरीच ठेवला. तेवढे दिवस आसराबाई रोज सकाळी तो वाडग्याच्या खांबाला टांगून हाळी लावायची. मेंढरं तिकडं ढुंकूनही बघायची नाहीत. आम्ही आधण ठेवायचो.