भिशीच्या चिठ्ठ्या लिहिणारी

बारावीच्या वर्षी माझ्याकडे दोन मोठी कामं होती. एक, घरचं अर्थमंत्रिपद. दुसरं, चार मुलींच्या आमच्या टोळक्यात आपली जागा टिकवणं. अभ्यासही होता, पण तो या दोन्हींतून वेळ उरला तर करायचा, असं मनात धरून मी वर्षाची सुरुवात केली आणि शेवटही तसाच केला.

अर्थमंत्रिपदावर मला कुणी निवडून दिलं नव्हतं. डिंडोलीतल्या आमच्या दोन खोल्यांत बाप लूमवरची बारा तासांची पाळी करून यायचा आणि आडवा व्हायचा, माय शिवणाच्या मशीनवर असायची, आणि कॉमर्स घेतलेली अख्ख्या इमारतीत मी एकटी. कॉमर्सच्या पोरीला पैशातलं सगळं कळतं अशी तिथे सगळ्यांची खात्री होती. कुणाचं लाइट बिल जास्त आलं, कुणाच्या मोबाइलवर बँकेचा मेसेज आला, की ते माझ्या दारात. सातवीपर्यंत मी मराठी शाळेत होते आणि पुढे गुजराती माध्यमात, त्यामुळे मी दोन्ही भाषांत सारख्याच आत्मविश्वासाने चुकीचं सांगू शकत होते.

मायचं काम साड्यांना लेस लावण्याचं. शेठच्या गोदामातून सकाळी साड्यांचं पोटलं यायचं, माय दिवसभर पट्ट्या शिवायची, आणि पाचच्या आत ते पोटलं गोदामात परत जायला हवं. नेणारी मी. घरात एका वेळी शेकड्याने साड्या आणि मायच्या अंगावर बाराही महिने गाऊन. त्या साड्यांवर बसायचीसुद्धा आम्हाला परवानगी नव्हती.

मशीन शेठचं होतं, आणि सगळं तिथेच अडलं होतं. "बेन, मशीन तुमारा ही समजो," असं शेठ म्हणायचा, आणि माय तसं समजायला लागली की भाव पाडायचा. त्या मशीनवर दुसऱ्या कुणाचं काम करायचं नाही, ही अट. घरी शिवायला माल देणारे दुसरे जॉबवाले भाव बरा द्यायचे, माल दारात आणून टाकायचे आणि दारातून उचलायचे. फक्त त्यांना मशीन शिवणारीचं स्वतःचं लागायचं. थोडक्यात, स्वतःचं मशीन आलं असतं तर मायची शेठपासून सुटका होती आणि माझी पोटल्यापासून. त्या वर्षी आमच्या घरात याहून मोठा प्रश्न नव्हता. माझी बोर्डाची परीक्षासुद्धा त्याच्या मागे रांगेत उभी होती.

मैत्रिणींना यातलं काही माहीत नव्हतं. दुपारी चारला आम्ही चौघी कोको प्यायला जमायचो, आणि पावणेपाचला मी उठायचे. "क्लासला जाते," म्हणून सांगायचे. वर्षभर त्या तिघींना वाटत होतं की मी कुठल्यातरी महागड्या क्लासला जाते. माझे सहामाहीचे मार्क बघून त्या क्लासबद्दल त्यांचं मत फार वाईट झालं. एकीच्या वडिलांचं मार्केटमध्ये साड्यांचं दुकान होतं. तिच्या दुकानातल्या साड्यांची लेस कदाचित माझ्या मायने लावली असेल, हे माझ्या डोक्यात रोज यायचं आणि मी रोज कोकोचा घोट घ्यायचे.

शाळेत तेव्हा भांडवल उभारणीचा धडा चालू होता. शेअर काढावेत, डिबेंचर काढावेत, लोकांकडून ठेवी घ्याव्यात. सर डोळे मिटून उतरवून द्यायचे आणि आम्ही डोळे मिटून उतरवून घ्यायचो. मी घरी येऊन मायकडे बघायचे आणि हिचे शेअर कोण घेईल याचा विचार करायचे. बापाचं मत सरांपेक्षा सोपं होतं. शेठकडून उचल घे आणि विषय मिटव. उचल घेतली की ती फिटेपर्यंत शेठचंच काम, आणि शेठची उचल फिटलेली बाई आमच्या इमारतीत कुणी पाहिली नव्हती.

म्हणून मी मायला बँकेत नेलं. शाळा बुडवून दोन वेळा. टेबलावरच्या साहेबाने विचारलं, "धंधानो पुरावो?" मी म्हटलं, घरी शिवतो. दुकान? नाही. मशीन? शेठचं. घर? भाड्याचं. साहेब मायकडे बघून म्हणाला की मग धंदा तुमचा नाही, शेठचा आहे, कर्ज शेठला मिळेल. त्याच्या दृष्टीने तो मदत करत होता. दुसऱ्या खेपेला तो जागेवर नव्हता आणि आम्ही त्याच्या खुर्चीवरच्या टॉवेलकडे तासभर बघून परत आलो.

मग गटाचं कर्ज. पाच बायकांचा गट, दर आठवड्याला सकाळी मीटिंग, एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्या चौघींनी भरायचा, आणि तो भरेपर्यंत कुणी उठायचं नाही. मोटारसायकलवरून आलेला पोरगेला ऑफिसर सगळ्यांना मॅडम म्हणायचा आणि दाराला पाठ लावून बसायचा. माय एका मीटिंगला नुसती बघायला गेली आणि परत येऊन मशीनवर बसली. "तठे बठ्या बाया येकमेकीस्ना तोंडकडे देखतस," एवढंच म्हणाली. मी पुस्तकात शोधलं. या तोट्याचा कुठे उल्लेख नव्हता.

राहिली भिशी. आमच्या दोन इमारतींतल्या बारा बायका, सगळ्या नंदुरबार-शहाद्याकडच्या. दर महिन्याला सगळ्यांनी सारखी रक्कम काढायची, चिठ्ठी टाकायची, जिचं नाव निघेल तिने गड्डी उचलायची. एकदा जिचं नाव निघालं तिचं पुढच्या चिठ्ठ्यांत नाव नाही. व्याज नाही, साहेब नाही, पुरावा नाही. जूनमध्ये सुरू झाली. भिशी सांभाळणारी मावशी सातवी शिकलेली होती, ती चिठ्ठी वाचायची. लिहायला मात्र भिशीच्या बाहेरचं माणूस पाहिजे, म्हणजे लबाडी होत नाही, हा नियम तिचाच. बाहेरचं माणूस म्हणून त्यांनी मला नेमलं. माझी माय भिशीत आहे हे बाराही जणींना माहीत होतं, पण शिकलेली पोरगी लबाडी करत नाही यावर त्यांचा विश्वास होता. शिक्षणाबद्दल इतका आदर मी नंतर कुठे पाहिला नाही.

सात महिने मायचं नाव निघालं नाही. दर महिन्याला चिठ्ठी दुसरीची निघायची, माय चहा ठेवायची, आणि मी पोटलं उचलून चालू लागायचे.

जानेवारीतल्या रविवारी भिशी आमच्या घरी होती. पाच नावं उरली होती. उधन्याला एक माणूस आपलं जुनं मशीन विकत होता, चालू आणि मोटर बसवलेलं. माय दोनदा जाऊन त्यावर शिवून बघून आली होती. सोमवारपर्यंत थांबतो, मग दुसऱ्याला देतो, असं तो म्हणाला होता. मायचं नाव निघालं नाही तर त्याला अजून थांबवायला मला त्याच संध्याकाळी उधन्याला जावं लागणार होतं. भिशी चार वाजता. आणि साडेचारला दुकानवाल्या मैत्रिणीच्या घरी शाळेच्या निरोपाच्या, विदाय समारंभातल्या नाचाची तालीम. मी दुसऱ्या रांगेत डावीकडून पहिली होते आणि ती जागा जायला दोन उशीर पुरेसे होते. एक माझा झालेला होता.

मी स्वयंपाकाच्या ओट्यावर कागद ठेवून चिठ्ठ्या लिहिल्या. पहिली मायची. दुसरीही मायची. हात आपोआप चालला असं लिहायला मला आवडलं असतं, पण तसं नव्हतं, मी नीट विचार केला होता. माझं गणित कच्चं असलं तरी पाचात एक म्हणजे काय ते कळत होतं. पाचही चिठ्ठ्यांवर मी मायचं नाव लिहिलं, सुवाच्य अक्षरात, घड्या घातल्या आणि डब्यात टाकल्या. हे मी मायसाठी केलं असं मी पुढे बरेच महिने स्वतःला सांगत होते. दुसऱ्या रांगेतल्या जागेचा विषय मी त्यात काढत नसे.

सगळ्यात वयस्कर बाईने चिठ्ठी काढली. मावशीने घडी उलगडून नाव वाचलं. माय ओढणी तोंडाला लावून हसली. बायकांनी तिच्या पाठीवर थापा मारल्या. कुणीतरी म्हणालं, आता शेठला म्हणावं मशीन उचल. मायला इतकी खूश मी कधी पाहिली नव्हती. मी चपला घातल्या आणि तालमीला पळाले. त्या दिवशी मी चांगली नाचले.

साडेसहाला परत आले तर जिन्यात खालच्या मजल्यावरची मावशी भेटली. तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. "तुनी माय देवमाणूस शे," ती म्हणाली. "हातमा उनेल पैसा परत करी दिधा." मायने सगळ्यांना पुन्हा बोलावलं होतं. माझी गरज भागली, शेठ उचल देतोय, बाकी चौघींची चिठ्ठी पुन्हा काढा, मी शेवटी घेईन, असं सांगितलं होतं. भिशीवाल्या मावशीने स्वतः लिहिलं आणि नाव या जिन्यातल्या मावशीचं निघालं. तिच्या नवऱ्याला खाण्याची गाडी टाकायची होती.

मी घरात गेले. माय मशीनवर होती, शेठच्याच. मशीनच्या फळीवर कात्रीखाली चार चिठ्ठ्या उलगडून ठेवल्या होत्या. घाईत मी डबा तसाच टाकून गेले होते, आणि तो डबा तुरीच्या डाळीचा होता. डाळ परत भरताना तिने त्या उघडल्या असणार.

मायला वाचता येत नव्हतं. मी चौथीत असताना तिला सही शिकवली होती, कारण शाळेच्या फॉर्मवर तिचा अंगठा बघून मला लाज वाटायची. तेवढी एकच गोष्ट तिला ओळखता यायची, स्वतःचं नाव. जगातल्या सगळ्या अक्षरांतून तिला वाचता येईल असं नेमकं तेच मी चार वेळा लिहून घरात सोडून गेले होते.

"जेव. भात झाकेल शे," ती म्हणाली.

मी म्हटलं, तुझ्यासाठीच केलं.

तिने मशीन थांबवलं. "मनासाठे?" मग चिठ्ठ्यांकडे बघून, "त्या चारी जणीस्ले घर नही का?" आणि पुन्हा पायडल मारायला लागली. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. मी रडले, पण ते लाजेपेक्षा पकडले गेल्याचं होतं. लाज नंतर आली आणि ती अजून गेलेली नाही. माझं नाव राखायला माय अकरा जणींसमोर खोटं बोलली होती, आणि ते खोटं खरं करायला दुसऱ्या दिवशी तिने शेठकडून खरंच उचल घेतली, कारण घेतली नसती तर बायकांनी विचारलं असतं. ती उचल मशीनला पुरण्याएवढी नव्हती, आणि उधन्याचं मशीन सोमवारी संध्याकाळी दुसऱ्याकडे गेलं.

खालच्या मजल्यावरच्या मावशीची गाडी मात्र फेब्रुवारीत लागली. मावशी मला रोज हाक मारून गरम भजी हातावर ठेवायची आणि गिऱ्हाइकांना सांगायची की हिच्या मायमुळे हे सगळं. मला ती उभ्याने, तिच्यासमोर, संपवावी लागायची.

त्याच आठवड्यात कधीतरी मायने माझी वही पुढ्यात ओढली. "बाकीनीस्ना नावे मले लिखाले शिकाड," म्हणाली. अकरा नावं. बोर्डाला महिना उरला होता, मैत्रिणी अभ्यासाच्या नावाखाली रोज जमत होत्या, आणि मी मशीनशेजारी बसून मायला जोडाक्षर समजावत होते. तिची अक्षरं साडीच्या पट्टीसारखी एका सरळ रेषेत जायची आणि कानामात्रा बाहेर लोंबायच्या. एकेक नाव ती वीस-पंचवीस वेळा लिहायची. विदाय समारंभ होऊन गेला, मी दुसऱ्या रांगेत नाचले, फोटोत माझा अर्धा चेहरा आला.

त्याच महिन्याच्या भिशीपासून चिठ्ठ्या मायने लिहिल्या. बाहेरच्या माणसाच्या नियमाची भिशीवाल्या मावशीने आठवण करून दिली. माय म्हणाली, पोरीची परीक्षा आहे, आणि लिहिलेली प्रत्येक चिठ्ठी घडी घालण्याआधी सगळ्यांच्या हातात फिरवली. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनीही निरखून पाहिली.

मेमध्ये शेवटची भिशी. माझा निकाल लागला होता, पास झाले होते, त्याहून जास्त त्याबद्दल सांगण्यासारखं नाही. एकटं मायचं नाव उरलं होतं. भिशीवाली मावशी हसत म्हणाली, आता कसली चिठ्ठी, गड्डी ठेव घरात. मायने ऐकलं नाही. तिने कागद फाडला, आपलं नाव लिहिलं, अकरा जणींत फिरवलं, घडी घातली, चिठ्ठी डब्यात टाकली, डबा हलवला आणि माझ्यासमोर धरला.

"काढ."

मी काढली.

"वाच."

मी सगळ्यांसमोर मायचं नाव मोठ्याने वाचलं. बायका पोट धरून हसल्या, त्यांना ती गंमत वाटली. माय हसली नाही. तिने डबा उपडा करून, आत दुसरी चिठ्ठी नाही हे एकेकीला दाखवलं, आणि मगच पैशांना हात लावला.