बाबांची उंची

मंडळी, दुपारपासून एक फोटो समोर ठेवून बसलोय. काही सुचत नाही, म्हणून इथं लिहितोय.

आईच्या तेराव्यासाठी फोटो मोठा करायचाय. आई-बाबांचा एकत्र असा हा एकच, बाहत्तरच्या दुष्काळाच्या जरा आधीचा, नेवाशाच्या घरासमोरचा. बाबांचा हात आईच्या खांद्यावर. मी पोटात असतानाच बाबा गेले. मला माहीत असलेले बाबा एवढेच.

आज आत्याला सहज म्हटलं, "बाबा आईपेक्षा ठेंगणे होते ना?"

"ठेंगणा? आरं, दारातनं वाकून यायचा. त्यो लई मागं उभा हुता, लिंबाला हात टेकून. वडलांसमोर बायकोशेजारी कोन उभं ऱ्हायचं तवा?"

पुन्हा नीट पाहिलं. हात खांद्यावर नव्हताच, मागच्या झाडाच्या बुंध्यावर होता. फोटोत मधलं अंतर दिसत नाही, एवढंच.

रडू आलं नाही. चहा घेतला.

पण आईला तर हे ठाऊक होतं. तरी रोज फोटो पुसताना तिचा पदर आधी त्या हातावरून फिरायचा.

स्टुडिओवाला म्हणतोय, "बाबांना उंच करून शेजारी आणतो." काय सांगू त्याला?