माटोळीतली चौदा फळं

आमच्या माटोळीतली चौदा फळं मी लॅटिन बोलून नाहीशी केली.

माटोळी म्हणजे चवथीला गणपतीच्या वर टांगलेली लाकडी चौकट. तिला रानातली, परसातली फळं बांधायची. पेडण्याला आमच्या वाड्यावर तिची स्पर्धा असे. ज्याचे प्रकार जास्त, तो पहिला. दादा, म्हणजे माझे वडील, दरवर्षी शेजारच्या सगूणकाकांच्या मागे! त्या वर्षी त्यांनी कचेरीतून रजा काढली आणि दुखरा गुडघा ओढत आठवडाभर रान पालथं घातलं. शहाऐंशी प्रकार जमले. यादी लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी कॉलेजात बॉटनी शिकत होतो (दोन महिने झाले होते, म्हणजे सगळंच येत होतं).

मी प्रत्येक फळापुढे शास्त्रीय नाव लिहायला बसलो.

"तवशें, कुकुमिस सटायव्हस. चिबूड, कुकुमिस मेलो."

"म्हणजे आडनाव आदी, नाव मागसून?" दादांनी विचारलं.

"बरोबर. घराणं एक, माणसं वेगळी."

"आणि ह्यो लांब दुधी नि ह्यो वाटकुळो?"

"त्यांची दोन्ही नावं सारखी. म्हणजे एकच माणूस, दादा. एकदा उपाशी, एकदा जेवलेला."

दादा हसले. मी गोल दुधी खोडला. मग तांबडा नारळ, मग तीन मिरच्या, मग पांढरं वांगं... यादी बहात्तरवर आली तेव्हा दादा हसायचे थांबले होते.

"तुझी बॉटनी त्या सगूणाच्या घरात जावन त्याका शिकय," आई म्हणाली.

परीक्षक म्हणून आलेले निवृत्त मास्तर यादी बघून थबकले. "खोडलेलं सगळं वर टांगलंय की. मोजू ना? आमच्या नियमात आकार-रंग वेगळा, तो प्रकार वेगळा."

हा नियम मी कुणाला विचारलाच नव्हता.

दादांनी माटोळीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "नको, मास्तर. झील शिकता. तो म्हणता एकच, म्हणजे एकच."

एकोणऐंशी प्रकारांवर सगूणकाका पहिले आले. मला रडूच आलं. दादा मात्र त्यानंतर भेटेल त्याला थांबवून सांगत, "माझ्या झिलाच्या शिक्षणान माका हरवल्यान!" इतक्या अभिमानानं कुणी जिंकल्याचंही सांगत नसेल.

मार्चमध्ये मी बॉटनीत नापास झालो. ते दादांनी जन्मभर कुणाला सांगितलं नाही.